धान्यात टाकायच्या गॅसच्या गोळ्या: साठवण, लायसन आणि घरातला धोका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी लातूर भागात गोडाऊन फ्युमिगेशनचं (म्हणजे बंद जागेत विषारी गॅस सोडून धान्यातली कीड मारायचं) काम करतो, तूर, हरभरा, सोयाबीन, गहू. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू घरात आला की फोन सुरू होतात आणि पावसाळ्यात दुसऱ्या प्रकारचे फोन येतात, म्हणजे डबी भिजली, वास येतोय वगैरे. तेच तेच प्रश्न असतात म्हणून इथे एकत्र लिहितोय. गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, लोक सेल्फॉस किंवा नुसतं "गव्हाच्या गोळ्या" म्हणतात. कार्बाइडबद्दल पण विचारतात, ते प्रश्न 14 मध्ये आहे.

1. ह्या गोळीत असं काय असतं? दिसायला तर साधी खडूसारखी दिसते.

गोळी स्वतः गॅस नाहीये, ती गॅस तयार करते. अॅल्युमिनियम फॉस्फाइडला पाणी लागलं की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. पाणी म्हणजे बादलीभर पाणीच लागतं असं नाही, हवेतला दमटपणा पुरतो, गव्हातली ओल पुरते, घामेजलेला हात पुरतो. 3 ग्रॅमच्या नेहमीच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम फॉस्फिन निघतो. आता हा 1 ग्रॅम किती? दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो सगळा पसरला तर कामगारांसाठी आठ तासांची जी मर्यादा धरतात (10 लाख भाग हवेत 0.3 भाग) तिच्या साधारण 80 पट होतो. एका गोळीचा हा हिशोब आहे, आणि लोक एका खोलीत मूठभर टाकतात.

गोळी हळूहळू फुटते, दोन-तीन दिवस किंवा थंडीत त्याहून जास्त, म्हणून टाकल्या टाकल्या काही कळत नाही आणि माणूस निर्धास्त होऊन त्याच घरात झोपतो.

2. वास आला नाही तर गॅस नाही असं समजायचं ना?

नाही. शुद्ध फॉस्फिनला वास जवळजवळ नसतोच, जो लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो तो त्यातल्या भेसळीचा असतो आणि तो धान्यात, गोणपाटात शोषला जातो, गॅस मात्र राहतो. गोळीत अमोनियम कार्बामेट पण घालतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि नाकाला झोंबतो, त्यामुळे सुरुवातीला इशारा मिळतो पण शेवटपर्यंत मिळेल याची गॅरंटी नाही. शिवाय नाक सवयीने बोथट होतं. आम्ही गोडाऊनमध्ये गॅस मोजायचं मीटर लावल्याशिवाय आत जात नाही, वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस पण नाकावर भरवसा ठेवत नाही. वास आला तर धोका नक्की आहे, वास नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही, एवढंच धरा.

3. आम्ही वर्षानुवर्षं फडक्यात बांधून दोन-तीन गोळ्या कोठीत टाकतो, आजपर्यंत काही झालं नाही. मग आत्ताच एवढी भीती का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर मला नीट द्यायचंय कारण विचारणारी माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच काही झालेलं नसतं.

पूर्वी कोठी किंवा बळद वाड्याच्या एका टोकाला असायचं, वर कौलं, भिंतीला झरोके, माणसं अंगणात नाहीतर ओसरीवर झोपायची. गॅस सुटायचा आणि निघून जायचा. आता तोच गहू, तीच गोळी, पण स्लॅबचं घर, अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, डासांमुळे संध्याकाळी सहालाच दारं बंद, वर कूलर नाहीतर एसी. पत्र्याची कोठी बेडरूममध्ये किंवा देवघराशेजारी ठेवलेली. कोठीचं झाकण म्हणजे नुसता पत्रा, त्याला रबर नसतं, गॅस कडेकडेने बाहेर येतो. फॉस्फिन हवेपेक्षा थोडासाच जड आहे त्यामुळे तो एका कोपऱ्यात बसून राहत नाही, सगळीकडे मिसळतो, जमिनीवर गादी टाकून झोपलेल्या पोरापर्यंत पण पोचतो.

लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी लागतो. पहाटे उलट्या सुरू होतात, घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं, लिंबूपाणी देतात आणि पुन्हा त्याच खोलीत झोपवतात. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणी "गहू भरला आणि सगळ्यांना उलट्या" म्हणालं की मी पुढचं वाक्य ऐकायच्या आधी त्यांना घराबाहेर व्हायला सांगतो. पुढे काय करायचं ते प्रश्न 11 मध्ये आहे.

थोडक्यात उत्तर असं की राहत्या घरात ही गोळी नाही टाकायची, एक सुद्धा नाही, फडक्यात नाही, डबीला भोकं पाडून नाही.

4. मग दुकानात मिळते कशी? बंदी आहे की नाही?

पूर्ण बंदी नाहीये, वापरावर निर्बंध आहे. कीटकनाशक कायदा 1968 खाली अॅल्युमिनियम फॉस्फाइड "निर्बंधित वापर" यादीत आहे. ते सरकारी खाती, सरकारी उपक्रम आणि पेस्ट कंट्रोल ऑपरेटर यांनाच विकायचं, आणि वापर पण तज्ज्ञांच्या देखरेखीत, म्हणजे सरकारी तज्ज्ञ किंवा केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांनी मान्य केलेला तज्ज्ञ. 3 ग्रॅमच्या 10 आणि 20 गोळ्यांच्या ज्या नळ्या मिळायच्या त्या 2001 मध्येच पूर्ण बंद केल्या, उत्पादन, विक्री, वापर सगळंच.

तरी काउंटरवर सुट्या गोळ्या मिळतात हे मला माहिती आहे, तुम्हाला पण माहिती आहे. कागदाच्या पुडीत चार गोळ्या बांधून दिल्या जातात, त्यावर ना लेबल, ना तारीख, ना विषाची खूण असलेला लाल त्रिकोण. ती पुडी घरी येईपर्यंत खिशातल्या घामाने फुटायला लागलेली असते. दुकानदाराने दिली म्हणजे कायद्याला चालते असा अर्थ होत नाही.

5. माझं कृषी सेवा केंद्र आहे, कीटकनाशक विक्रीचं लायसन आहे. त्यावर ही गोळी ठेवता येईल का?

लायसन एकच सरसकट नसतं, कोणकोणती औषधं, कोणत्या कंपनीची, ते त्यात नोंदवलेलं असतं. कायद्याच्या कलम 13 खाली विक्री, साठा, विक्रीसाठी मांडणं आणि वाटप या सगळ्याला लायसन लागतं, म्हणजे "मी विकत नाही, फक्त ठेवलंय" हे चालत नाही. तुमच्या परवान्यात हे उत्पादन आहे का ते आधी बघा, नसेल तर जिल्हा पातळीवर कृषी विभागाकडून ते जोडून घ्यावं लागेल. आणि लायसनमध्ये असलं तरी कोणाला विकायचं याचं बंधन प्रश्न 4 मधलंच राहतं, शेतकऱ्याला सुट्या गोळ्या विकायची परवानगी त्यातून मिळत नाही.

साठा रजिस्टर आणि बिल बुक तंतोतंत ठेवा, आणि घेणाऱ्या ऑपरेटरच्या लायसनची कॉपी फाईलला लावून ठेवा. मी स्वतः खरेदीला जातो तेव्हा जो दुकानदार माझं लायसन मागतो त्याच्याकडूनच घेतो, न मागणाऱ्याकडून नाही.

6. फ्युमिगेशनचा धंदा सुरू करायचाय, काय लागतं?

दोन टप्पे आहेत. पहिला, व्यावसायिक पेस्ट कंट्रोलचं लायसन राज्याच्या कृषी विभागाकडून. त्यासाठी कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र विषय असलेला विज्ञान पदवीधर लागतो, आणि त्याने मैसूरची अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूरची धान्य साठवण संस्था किंवा हैदराबादची वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था अशा मान्य ठिकाणी किमान 15 दिवसांचं ट्रेनिंग केलेलं असावं. दुसरा टप्पा बरेच जण विसरतात. अॅल्युमिनियम फॉस्फाइड किंवा मिथाइल ब्रोमाइडसारखं फ्युमिगंट वापरायचं तर फरिदाबादला जे वनस्पती संरक्षण संचालनालय आहे तिथल्या सल्लागारांची वेगळी परवानगी लागते. झुरळ-वाळवीचं लायसन आहे म्हणून गॅसिंग करता येत नाही.

ज्यांना बोलावताय त्यांच्याकडे हे दोन्ही कागद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, खरा ऑपरेटर रागावणार नाही.

7. साठवायची खोली कशी हवी? वेगळं गोडाऊनच बांधावं लागतं का?

कीटकनाशक नियम 1971 मध्ये नियम 36 आहे, त्यात दोन पर्याय दिलेत. माल जास्त असेल तर इतर वस्तूंपासून वेगळी खोली, कमी असेल तर वेगळं कुलूपबंद कपाट. खोली पक्की, कोरडी, उजेडाची, हवा खेळती राहणारी आणि वाफेने बाकीच्या गोष्टी दूषित होणार नाहीत एवढी ऐसपैस. अन्नपदार्थ किंवा जनावरांच्या चाऱ्याशी संपर्क नको, हे वाहतुकीला पण लागू आहे.

कायदा एवढंच म्हणतो, पण या मालासाठी मी त्यात माझ्याकडून काही घालतो. छपराला गळती नको हे पावसाळ्यात नाही, मे महिन्यात पाहायचं. खोक्यांखाली लाकडी पॅलेट, म्हणजे फरशीवरून पाणी आलं तरी सहा इंच वाचतात. वरून पाण्याची पाइपलाइन किंवा टाकी गेलेली नको. इलेक्ट्रिक पॅनल त्या खोलीत नको, कारण फॉस्फिन तांब्याला खातो, वायरीची टोकं काळी पडतात, कॉन्टॅक्ट जळतात आणि मग ठिणगी. हवेत हा गॅस 1.8 टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो, कधी कधी आपोआप. दारावर बाहेरून मराठीत मोठ्या अक्षरात "पाणी मारू नये", हे फायर ब्रिगेडच्या माणसाला आत शिरायच्या आधी दिसलं पाहिजे.

दुकानाच्या वर किंवा मागे कुटुंब राहत असेल तर? हवेशीर खोली म्हणजे जिचा झरोका तुमच्याच जिन्यात उघडतो ती नव्हे. मी तरी अशा जागी हा माल ठेवणार नाही, कितीही पॅकबंद असला तरी.

8. अर्धी डबी वापरली, झाकण घट्ट लावलंय. पुढच्या हंगामाला चालेल ना?

हंगामापर्यंत ठेवायचीच कशाला, कामाला लागेल तेवढीच डबी फोडायची आणि त्याच कामात संपवायची. एकदा सील उघडलं की आत दमट हवा शिरते, गोळ्या कडेने राखाडी व्हायला लागतात आणि बंद झाकणाखाली गॅस साठतो. पुढच्या वेळी झाकण फिरवलं की तो भपकन बाहेर येतो, पेटू पण शकतो. म्हणून डबी नेहमी मोकळ्यावर, तोंडापासून लांब धरून, वाऱ्याला पाठ करून उघडायची.

माझ्याकडून एकदा ही चूक झालीय. जुलै महिना, काम संपलं, पोऱ्याने अर्धी डबी टेम्पोच्या केबिनमध्ये सीटमागे ठेवली आणि झाकण एक आटा कमी बसलेलं. मला घाई होती, मी बघितलं नाही. औसा रस्त्याला लागलो आणि पंधरा मिनिटांत दोघांचं डोकं जड, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं. वास लसणाचा नाही, फक्त झोंबल्यासारखा. गाडी थांबवून बाहेर पडलो म्हणून आज लिहितोय. तेव्हापासून उघडी डबी गाडीत घेत नाही आणि बंद डबी सुद्धा केबिनमध्ये नाही, मागे हौद्यात, ताडपत्रीखाली कोरडी.

9. गोळीची जी राखाडी पावडर उरते ती धोकादायक आहे का? अंगणात टाकली तर?

बरीचशी अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड झालेली असते, ती निरुपद्रवी, पण आत थोडं न फुटलेलं औषध राहतं. ढीग करून ठेवलं, पिशवीत कोंबलं किंवा उकिरड्यात टाकलं की ओल लागून परत गॅस. ऑपरेटरने टाकलेल्या गोळ्यांची पावडर ऑपरेटरनेच मोजून परत न्यायची, हे त्याच्या कामातच येतं. ते लोक मास्क लावून मोकळ्यावर साबणाच्या पाण्यात थोडी थोडी सोडतात. उलटं, म्हणजे पावडरीवर पाणी, कधीच नाही. घरी कोणीच हे करू नका.

पाणी मारून धुऊन टाकू ही इच्छा फार नैसर्गिक आहे आणि तीच घात करते. 2017 च्या जानेवारीत अमेरिकेत टेक्सासमधल्या अमारिलोला एका घरात हेच झालं, घराखाली टाकलेल्या गोळ्यांचा वास येतो म्हणून पाणी मारलं आणि घरातली चार मुलं गेली.

10. पुराचं पाणी गोडाऊनमध्ये शिरलं / आग लागली, काय करायचं?

माल वाचवायला आत जायचं नाही. सगळ्यांना बाहेर, वारा जिकडून येतोय त्या बाजूला, आणि 101 किंवा 112 ला फोन करताना पहिलं वाक्य हेच की आत अॅल्युमिनियम फॉस्फाइड आहे, पाणी चालत नाही. आगीवर कोरडी वाळू, ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचं एक्स्टिंग्विशर. पाणी ओसरल्यावर "डबी वरून कोरडी दिसतेय" म्हणून उचलू नका, ट्रेनिंग झालेला माणूस मास्क आणि मीटर घेऊन आधी जाईल. आजूबाजूच्या घरांना सांगायला लाजू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

11. गॅस लागला असं वाटलं तर पहिली दहा मिनिटं काय?

बाहेर. आधी माणसं बाहेर, मोकळ्या हवेत, मग बाकी सगळं. खिडक्या जाता जाता उघडता आल्या तर उघडा पण त्यासाठी आत थांबू नका. डोकं दुखणं, मळमळ, उलटी, पोटात कळ, छाती आवळणं, खोकला, गरगरणं, अशी लक्षणं येतात आणि एकाच घरात दोघा-तिघांना एकदम आली तर गॅसच समजा. 108 ला फोन, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की घरात गव्हाच्या गोळ्या टाकल्या होत्या, डबी किंवा लेबलचा फोटो असेल तर दाखवा. दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र आहे, 1800 116 117, डॉक्टर पण तिथे विचारतात.

यावर उतारा नाही. सलाइन, ऑक्सिजन, हृदय आणि फुप्फुसाला आधार, एवढंच हॉस्पिटल करू शकतं, म्हणून वेळ महत्त्वाची. आणि बरं वाटलं म्हणून घरी परत नका येऊ, फुप्फुसात पाणी एक-दोन दिवसांनी पण भरू शकतं. गोळी पोटात गेली असेल तर घरी उलटी काढणं, पाणी पाजणं, तोंडाने श्वास देणं यातलं काही करू नका, थेट हॉस्पिटल.

12. आम्ही नाही, शेजाऱ्याने गोळ्या टाकल्यात. भिंत एकच आहे. आम्हाला काय?

तुम्हालाही तेवढंच. विटांच्या भिंतीतून, प्लास्टरच्या भेगांतून, पंख्याच्या पाइपमधून, सामाईक पोटमाळ्यावरून गॅस येतो. भाड्याच्या खोल्यांच्या चाळीत आणि दुकान-कम-घर असलेल्या गाळ्यांत हे फार होतं, खालच्या किराणा दुकानदाराने रात्री पोती झाकली आणि वरच्यांना काही सांगितलंच नाही. भांडण नंतर करा, आधी मुलांना घेऊन दुसरीकडे झोपायला जा. कायदेशीर ऑपरेटर असं काम घेतच नाही, तो गोडाऊन सील करतो, बाहेर कवटीचा बोर्ड लावतो आणि मीटरवर रीडिंग आल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही. बोर्ड नाही म्हणजे ऑपरेटर नाही. तक्रार तालुका कृषी अधिकारी कार्यालयातल्या कीटकनाशक निरीक्षकाकडे, आणि तातडीचं असेल तर 112.

13. वडील गेल्यावर माळ्यावर एक जुनी गंजलेली नळी सापडली. काय करू?

हलवू नका, उघडू नका, "आत काही आहे का" बघायला कानाशी हलवून तर अजिबात नका. विहिरीत, नदीत, खड्ड्यात टाकू नका. नळी धड असेल, वास नसेल, तर ती जागा बंद करून त्या भागात कोणी जाणार नाही असं करा आणि लायसनवाला फ्युमिगेशन ऑपरेटर किंवा कृषी कार्यालयाला बोलवा. पावडर सांडलेली दिसली किंवा वास आला तर प्रश्न 11 प्रमाणे आधी बाहेर.

यालाच जोडून, पारद गोळी आणि ही गोळी एक नाही. पारद म्हणजे पारा असलेली टिकडी, ती गॅसची नाही, पण पारा पण विषच आहे आणि जुन्या डब्यांत दोन्ही शेजारी शेजारी सापडतात, म्हणून लेबल नसलेली कुठलीही गोळी हाताने ओळखायला जाऊ नका.

14. वेल्डिंगच्या कार्बाइडला पण असाच वास येतो. त्याचं लायसन हेच का?

वास सारखा येतो याला कारण आहे, कार्बाइडमध्ये थोडी फॉस्फाइडची भेसळ असते आणि तुम्हाला जो वास येतो तो त्या फॉस्फिनचाच. पण मुख्य गॅस अॅसिटिलीन, तो जळणारा, हवेत 2.5 टक्क्यांपासून स्फोटक. लायसन पूर्ण वेगळं: कॅल्शियम कार्बाइड नियम 1987, पेट्रोलियम कायद्याखालचे, आणि खातं म्हणजे पेसो (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), ज्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. किती किलोपर्यंत सूट आणि कुठला फॉर्म हे साठ्यावर ठरतं, तुमचा आकडा घेऊन तिथेच विचारा. साठवणीचा नियम मात्र सख्ख्या भावासारखा, हवाबंद धातूचा ड्रम, कोरडी जागा, आगीवर पाणी नाही.

आंबे-केळी पिकवायला कार्बाइड वापरायला लायसन मिळत नाही, कारण ते चालतच नाही, अन्नसुरक्षा नियमांत त्यावर बंदी आहे. त्याऐवजी इथिलीन वायू 100 पीपीएमपर्यंत (10 लाख भाग हवेत 100 भाग) चालतो, रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत.

15. मग घरचा गहू टिकवायचा कसा? किडे तर होणारच.

वाळवा. गहू दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे, ओल 10-12 टक्क्यांच्या खाली असली की सोंडे फारसे वाढत नाहीत. कडक उन्हात दोन-तीन दिवस, थंड झाल्यावरच भरायचा, गरम भरला तर कोठीत घाम येतो. कोठीच्या सांध्यातला जुना दाणा खरवडून काढा, कीड तिथूनच येते. आजकाल हवाबंद पिशव्या मिळतात, आतले किडे उरलेला ऑक्सिजन संपवतात आणि मरतात, माझ्या स्वतःच्या घरी चार वर्षं अशाच पिशव्यांतला गहू खातोय. एरंडेल तेलाचा हात, कडुनिंबाचा पाला हे कमी मालाला ठीक. पोती शंभरात असतील तर वखारीत ठेवा, केंद्रीय वखार महामंडळ कीडनाशक सेवा पण देतं.

16. घरात एक जण फार खचलेला आहे, कर्जाचं टेन्शन आहे. आमच्याकडे शेतासाठी औषधं असतात. काय काळजी घेऊ?

हा प्रश्न हल्ली बायका विचारतात, हळू आवाजात. गोळ्या असतील तर आजच घरातून काढा, ज्याच्याकडून आणल्या त्याला बोलवा किंवा ऑपरेटरला. बाकी फवारणीची औषधं कुलपात, आणि किल्ली त्या माणसाकडे नाही, शक्य असेल तर काही दिवस दुसऱ्याच्या घरी. त्या माणसाशी सरळ बोला, विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर 14416, मराठीत बोलता येतं, फुकट, रात्री पण. तुम्ही स्वतः पण फोन करू शकता, फोन करणाऱ्याचीच तब्येत बिघडलेली असायला लागते असं नाही.